पणजोबांचं गाव आपलं म्हणता येतं का? (इटली, ब्राझील आणि एक फाईल)

कंदील

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी उत्तर इटलीत, पादोव्याला, नऊ वर्षं राहतेय. आमच्या ऑफिसात ब्राझीलचा एक मुलगा आहे. रिओ ग्रांदे दो सूल या अगदी दक्षिणेच्या राज्यातला, काशियस दो सूलजवळचा. आडनाव असं की इथल्या निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर दिसेल, आणि तोंड उघडलं की पोर्तुगीज. एकदा जेवणाच्या सुट्टीत डब्याऐवजी फाईल घेऊन आला. निळी, रबरबँड लावलेली, आपल्याकडे वडिलोपार्जित जमिनीच्या कागदांची असते तशीच. आत खापरपणजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला, १८६८ चा. चर्चचा, कारण आमच्या या व्हेनेतो भागात सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८७१ मध्ये. त्यामागे ब्राझीलमधली लग्नाची नोंद. इकडचा जोव्हान्नी तिकडे जाऊन जुआंव झालेला आणि आडनावातलं एक अक्षर गळालेलं. मग चार पिढ्यांचे जन्म-मृत्यू-विवाह, प्रत्येकाचं शपथेवरचं भाषांतर, प्रत्येकावर शिक्का. आणि सगळ्यांत मोलाचा कागद: या माणसाने ब्राझीलचं नागरिकत्व कधीच घेतलं नव्हतं, असा ब्राझील सरकारचा दाखला.

आता हे लोक मुळात गेले का? भुकेने. व्हेनेतो १८६६ मध्ये इटलीला जोडलं गेलं, पण शेतकऱ्याच्या ताटात होती ती पोलेंताच, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं म्हणा. सकाळी तेच, रात्री तेच. नुसत्या मक्यावर जगून पेलाग्रा व्हायचा: कातडी सोलवटते, पोट बिघडतं, शेवटी वेड लागतं. ब्राझीलला माणसं हवी होती, १८८८ मध्ये गुलामगिरी उठल्यावर तर फारच. साओ पाउलोच्या कॉफीमळ्यांसाठी सरकार जहाजाचं भाडंही भरायचं. काशियसच्या डोंगरात पहिली कुटुंबं पोचली १८७५ ला. गंमत बघा, ज्या पोलेंताने माणसं मारली, तीच आता तिथे रविवारच्या पंगतीचा मान आहे!

आता मुद्दा. इटलीच्या कायद्यात नागरिकत्व रक्ताने येतं. १७ मार्च १८६१ ला इटलीचं राज्य झालं. त्यानंतर जिवंत असलेला इटालियन पूर्वज दाखवा, मधली साखळी तुटलेली नाही हे दाखवा, की तुम्ही इटालियन. पिढ्यांची मर्यादा नाही, भाषेची परीक्षा नाही. २८ मार्च २०२५ ला सरकारने वटहुकूम काढून हे दार जवळपास बंद केलं आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाला. आता आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एकाकडे तरी फक्त इटलीचंच नागरिकत्व हवं, दुसरं कुठलं नको, किंवा तुमच्या जन्माआधी आई-वडिलांपैकी कुणी नागरिक या नात्याने सलग दोन वर्षं इटलीत राहिलेलं हवं. २७ मार्चच्या रात्रीपर्यंत दाखल झालेली प्रकरणं जुन्या नियमाने चालणार. आमच्या मुलाने जानेवारीतच कोर्टात टाकलं होतं.

आणि मी? दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य हवं, माझी पुढच्या मार्चात होतील. भाषेची बी-वन परीक्षा झालीय. अर्ज केल्यावर निकालाला आणखी दोन-तीन वर्षं. मी इथल्या भाजीवालीशी घासाघीस करते, त्याला पावाचं दुकान विचारायला फोन काढावा लागतो. मग गाव कुणाचं?

चिडून लिहीत नाहीये हं. खरंच विचारतेय.

घाटावरचा

गाव-बिव काही नाही हो. पासपोर्ट पाहिजे. इटलीचा पासपोर्ट हातात पडला की हे लोक स्पेनला, आयर्लंडला, जिथे पगार तिथे. मातृभूमीचा उमाळा फाईल मंजूर होईपर्यंत.

कंदील

@घाटावरचा, अर्धं खरं आहे. पण खापरपणजोबासुद्धा पगारासाठीच गेला होता ना? तो गेला तेव्हा कुणी म्हणालं नाही की तुला ब्राझीलचा उमाळा आहे का. पोटासाठी जाणं चालतं आणि पोटासाठी परत येणं चालत नाही, हे मला पटत नाही.

कलम_दवात

धाग्याच्या शीर्षकातच एक घोळ आहे तो आधी सोडवू. जुन्या कायद्यात हा मुलगा नागरिकत्व *मागत* नव्हता. तो जन्मापासून नागरिक आहेच, सरकारने फक्त तसं मान्य करायचं, अशी रचना. म्हणून नवीन कायद्याची भाषा चमकवणारी आहे: परदेशात जन्मलेल्या आणि दुसरं नागरिकत्व असलेल्याने इटलीचं नागरिकत्व *कधी मिळवलंच नव्हतं* असं मानायचं. काल होतास ते आज नाहीस असं म्हणत नाहीत. काल पण नव्हतास म्हणतात! कायद्याच्या माणसाला यात किती दारूगोळा आहे सांगायला नको.

बरं, रक्त रक्त म्हणतो आपण, पण कायद्याला सगळं रक्त सारखं नव्हतंच. १ जानेवारी १९४८ ला संविधान लागू झालं, त्याआधी बाईकडून नागरिकत्व पुढे जात नसे. पणजी इटालियन आणि आजोबा १९४० चे, तर वकिलातीत दार बंद, कोर्टात जावं लागे. दुसरी गोष्ट त्रेंतोची. तो डोंगराळ भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे. तिथून ब्राझीलला गेलेल्याने सांता कातारिनात नोव्हा त्रेंतो नावाचं गाव वसवलं, इटालियन बोलला, इटालियनच स्वैपाक केला, पण कागदावर तो ऑस्ट्रियाच्या बादशहाची प्रजा. त्यांच्या वंशजांसाठी २००० साली वेगळा कायदा झाला, २०१० ला त्याची मुदत संपली, विषय संपला. एका डोंगराच्या अलीकडचा इटालियन, पलीकडचा नाही.

आणि ब्राझीलने काय केलं होतं माहितेय? १८८९ मध्ये प्रजासत्ताक झालं तेव्हा फतवा: देशात असलेले सगळे परदेशी आता ब्राझिलियन, नको असेल त्याने सहा महिन्यांत येऊन सांगावं. जंगल तोडत बसलेल्या निरक्षर माणसाला हे कळणार कुठून! इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की त्याच्या गप्प राहण्याला संमती म्हणता येणार नाही. नाहीतर अख्खी साखळी तिथेच तुटली असती.

आबा_राजापूर

आमच्याकडे याला वारस नोंद म्हणतात. आजोबा गेले, सातबाऱ्यावर नावं चढवली नाहीत. आता वडाचं झाड कुणाचं यावर साठ जण उभे. त्यातले चाळीस मुंबईत, दहा दुबईत, एकाने चिपळूणच्या पुढे गाव बघितलेलं नाही. पण गणपतीत आला की देवळात पहिला मान त्याचा, कारण थोरली पाती!

मला तरी यात काही गैर वाटत नाही. चाकरमान्याची तिसरी पिढी डोंबिवलीत जन्मते आणि "गाव कुठलं" विचारलं की राजापूर सांगते. कोण म्हणतो खोटं?

लिंबूटिंबू

आबा, मान द्या हो, पण ग्रामपंचायतीचं मत द्याल का त्यांना?

आबा_राजापूर

मत? मत नाही देणार. पाण्याची लाईन कुठून न्यायची ते इथे राहणारा ठरवणार.

कंदील

लिंबूटिंबू, नस पकडलीत. इथे परदेशातल्या नागरिकांना मत आहे. नुसतं मत नाही, त्यांचे स्वतंत्र खासदार आहेत, आता आठ लोकसभेत आणि चार सिनेटमध्ये (लोकसभा आपली म्हणायची पद्धत). २००६ मध्ये पंतप्रधान प्रोदींचं सरकार सिनेटात एक-दोन मतांवर लटकत होतं आणि अर्जेंटिनातून निवडून आलेल्या लुइजी पाल्लारो यांच्या एका मताकडे सगळं रोम डोळे लावून बसायचं.

आकडे सांगते. परदेशात राहणारे इटालियन नागरिक २०१४ ला सुमारे ४६ लाख होते, २०२४ ला ६४ लाख. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या नियमाने हक्क सांगू शकले असते असे लोक जगात ६ ते ८ कोटी. आणि इटलीची लोकसंख्या सहा कोटींच्या आत!

कामाचा बोजा पडतो तो मात्र रोमवर नाही, डोंगरातल्या कोमूनेवर, म्हणजे आपल्या नगरपालिकेवर. वाल दी झोल्दो म्हणून बेल्लुनोजवळची दरी आहे, जेमतेम तीनेक हजार वस्ती. हे गाव आईस्क्रीमवाल्यांचं, इथल्या लोकांनी अर्ध्या जर्मनीला जेलातो खायला शिकवलं. तिथे ब्राझीलहून अर्जांचा एवढा ढीग आला की महापौरांनी नगरपालिकेवर निषेध म्हणून ब्राझीलचा झेंडा लावला. मुलं जन्मत नाहीत, शाळा ओस, आणि कारकून दिवसभर १८७० सालचे दाखले शोधतोय.

श्टुटगार्टची सून

जर्मनीतलं उलटं उदाहरण सांगते. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी आहेत, कझाकस्तानात वाढलेल्या. त्यांचे पूर्वज रशियाच्या कॅथरीन राणीच्या १७६३ च्या जाहीरनाम्यावर व्होल्गाकाठी शेती करायला गेलेले जर्मन. दीडशे-पावणेदोनशे वर्षं तिथे जर्मन बोलत राहिले. १९४१ ला हिटलरने हल्ला केला आणि स्टालिनने सगळ्यांना मालगाड्यांत भरून सायबेरियात, कझाकस्तानात टाकलं. जर्मन आहात, म्हणून.

जर्मनीने अशा लोकांना परत घेतलं, आणि नुसतं कागदोपत्री नाही. सोव्हिएत संघ फुटल्यावर वीस लाखांहून जास्त आले. घर, भाषेचे वर्ग, पेन्शनचा हिशोब. नंतर भाषेची चाचणी आली, कारण नातवंडांना रशियनच येत होतं.

आजी म्हणतात, "तिथे आम्ही फॅसिस्ट, इथे आम्ही रशियन." हे वाक्य इथे त्या पिढीच्या कुणाकडूनही ऐकाल. त्यांच्या स्वैपाकघरात सामोवार (रशियन चहाचं भांडं) आहे आणि भिंतीवर जुन्या जर्मन लिपीतलं बायबलचं वचन. ते वचन त्यांच्या जर्मन जावयाला वाचता येत नाही.

घाटावरचा

हे पटलं. यांना हाकललं होतं. ब्राझीलवाल्यांना कुणी हाकललं नव्हतं.

कंदील

हाकललं नाही, पण धड राहूही दिलं नाही. माझ्या सहकाऱ्याची आजी "तालियान" बोलायची. ती व्हेनेतोच्या बोलीतून तिकडे तयार झालेली भाषा, ब्राझीलने २०१४ मध्ये सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. पण तिथला हुकूमशहा व्हार्गास याच्या काळात, आणि १९४२ ला ब्राझील युद्धात उतरल्यावर तर जास्तच, इटालियन-जर्मन बोलायला बंदी होती. आजी शाळेत गप्प बसायची, कारण पोर्तुगीज येत नव्हतं आणि येत होतं ते बोलायची सोय नव्हती. म्हणून तिने मुलांना भाषा दिलीच नाही. आता वकिलातीतला माणूस खिडकीतून विचारतो, इटालियन येत नाही आणि नागरिकत्व हवं?

एक गंमत. याला थोडे आजीचे शब्द येतात. मुलाला तो "तोझो" म्हणतो. आमच्या ऑफिसातल्या पंचविशीच्या पोरी हसतात, म्हणाल्या आमचे आजोबा असं बोलतात. म्हणजे आमच्याकडे कुणी न्यूजर्सीहून यावं आणि "अगो, हांडा उचल" म्हणावं तसं.

रानवाट

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. काशियस दो सूलचं जुनं नाव ठाऊक आहे? कांपो दोस बुग्रेस. बुग्रे हा तिथल्या आदिवासींसाठी गोऱ्यांनी वापरलेला हिणवणारा शब्द. म्हणजे 'जंगल्यांचं माळरान'. तो कैंगांग लोकांचा मुलूख होता. सरकारने त्याचे चौकोन पाडले, नंबर दिले आणि युरोपातून आलेल्यांना हप्त्यांवर विकले. विरोध करणाऱ्यांना मारायला पैसे देऊन माणसं ठेवलेली असत, त्यांना बुग्रेरो म्हणत.

आता हिशोब करा. कुटुंबाला एक मातृभूमी सोडावी लागली, दुसऱ्याची मातृभूमी तुकड्यांनी विकत मिळाली, आणि पाचव्या पिढीला पहिलीही परत हवी. कैंगांगांनी कुठल्या वकिलातीत अर्ज करायचा?

कलम_दवात

रानवाट, मुद्दा बिनतोड आहे. पण त्याचं उत्तर ब्राझीलच्या कोर्टात आहे, इटलीच्या नाही. कैंगांगांच्या जमिनीचे खटले तिथे आजही चालू आहेत. तो मुलगा ब्राझीलमध्येच राहिला तर त्याने कैंगांगांचं काही भलं होईल असंही नाही.

रानवाट

होणार नाही. पण "आमच्यावर अन्याय झाला" ही फाईल उघडली की त्यात हे पण पान असावं, एवढंच.

मोका_ते_मिरज

मॉरिशसला दोन वर्षं शिकवायला होते, म्हणून दोन शब्द. तिथले मराठी लोक कोकणातून गिरमिट करारावर ऊसमळ्यात गेलेले, एकोणिसाव्या शतकात. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची दप्तरं आहेत: नंबर, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. माझ्या शेजारच्या काकांनी पणजोबांचा उतारा काढून भिंतीवर लावला होता. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने असं लिहिलेलं की रत्नागिरी जिल्ह्यातली तीन गावं त्यात बसतील. काका तिन्ही गावांना जाऊन आले. तिन्ही देवळांत नारळ ठेवला, म्हणाले एक तरी लागू पडेल.

२०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रपती मुर्मू तिकडे गेल्या तेव्हा जाहीर झालं की मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळेल. या, राहा, काम करा. पण ते नागरिकत्व नाही, मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आबांच्या देवळातला मान, मत नाही, अगदी तेच सूत्र. इटलीने पासपोर्ट किंवा काहीच नाही असे दोनच डबे ठेवले, तिथे गाडं अडलं असं मला वाटतं.

नागाव_बंदर

थोडं अवांतर, पण आमच्या अलिबागच्या बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, आठवलं. दोन हजार वर्षांपूर्वीची मातृभूमी, कागद एकही नाही. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली, हाच पुरावा. इस्रायलच्या १९५० च्या कायद्याने गेले खरे, पण लग्नाची वेळ आली तेव्हा तिथल्या धर्मपीठाने वंशाची चौकशी लावली. मोर्चे, उपोषणं झाली, १९६४ मध्ये संसदेने ठराव केला तेव्हा प्रकरण शमलं. मातृभूमीत पोचल्यावर दारात उभं करून "तुम्ही नक्की आमचेच ना?" विचारलेलं फार लागतं. आमच्या आळीतली एक म्हातारी सुट्टीला यायची, तो विषय निघाला की ताट सरकवायची.

लिंबूटिंबू

म्हणजे भाषा टिकवली तर हक्क, असा नियम केला तर? न्याय्य वाटतो.

श्टुटगार्टची सून

मग पातागोनियातल्या वेल्श लोकांचं काय? १८६५ ला मिमोसा नावाच्या जहाजातून दीडशेक माणसं अर्जेंटिनाला गेली, भाषा वाचवायलाच. चुबुतच्या खोऱ्यात आजही वेल्श बोलतात, मुलं वेल्श शाळेत जातात. पण ब्रिटनचा कायदा परदेशात जन्मलेल्या एकाच पिढीपर्यंत पोचतो. भाषा आहे, पासपोर्ट नाही. आणि ब्राझीलमध्ये भाषा नाही, पासपोर्ट होता. न्याय शोधत बसलात तर वेड लागेल हो.

कंदील

माझ्या डोक्यात जी कुसळं टोचत होती ती आता सांगते. पो नदीच्या खोऱ्यात गोठे सांभाळतात ते पंजाबी. ग्राना पादानोच्या चीजचं दूध काढणारे हात जालंधर-होशियारपूरचे. त्यांची पोरं इथे जन्मतात, शाळेत जातात, एकमेकांशी मांतोव्हाच्या बोलीत भांडतात. जन्माने नागरिकत्व नाही. अठरा पूर्ण झाल्यावर, तोवर अखंड इथेच राहिलेलं असेल तर, एका वर्षाच्या आत जाऊन सांगायचं. विसरलात तर राहिलं. जून २०२५ मध्ये दहा वर्षांची अट पाच करावी म्हणून सार्वमत झालं. निम्म्याहून जास्त मतदार आले तरच ते ग्राह्य, आले तीस टक्के. बाद.

त्या दिवशी आमच्या ब्राझीलवाल्याने मला विचारलं, तू मत दिलंस का? मी म्हटलं, अरे बाबा, मला मत असतं तर सार्वमत कशाला लागलं असतं! तो ओशाळला. मग म्हणाला, माझं आधी झालं तर तुझ्यासाठी मी देईन.

माझं मत विचाराल तर: पणजोबांच्या गावावर माया करायचा हक्क सगळ्यांना, कितव्याही पिढीला, त्याला दाखला लागू नये. पण तिथला कारभार ठरवायचा हक्क तिथे राहून मिळवावा, मग तो जुआंव असो, गुरप्रीत असो की मी. वंशजाला रांगेत थोडं पुढे घ्या, दहाऐवजी दोन-तीन वर्षं लावा. पण रांग एकच असू द्या.

घाटावरचा

यावर मात्र भांडायला काही उरलं नाही. फाईलचं काय झालं शेवटी?

कंदील

निकाल नाही. पुढच्या वर्षीची तारीख आहे.

पण ऑगस्टमध्ये तो गावाला जाऊन आला, सोबत मी पण होते, गाडी माझी. बेल्लुनोच्या डोंगरातली एक वाडी, वीसेक घरं, निम्म्यांना कुलपं. युद्ध-स्मारकावर याचं आडनाव अकरा वेळा. तो फोटो काढत सुटला. नंतर कळलं की अख्ख्या वाडीचंच ते आडनाव, कुणाशी नातं लागतं काही सांगता येत नाही. बारमध्ये एक म्हातारी बसली होती, तिने याच्याकडे बघून बोलीतच विचारलं, कुणाचा रे तू? याने आडनाव सांगितलं. ती म्हणाली, ते माझंही आहे, ते सांगू नकोस. *कुणाचा?*

इकडे एकाच आडनावाची घरं फार, म्हणून प्रत्येक घराला जोडनाव असतं, जुन्या दाखल्यांवरही लिहिलेलं सापडतं. आमच्या पोराने चार पिढ्यांची फाईल पाठ केलेली, हे कुठे नव्हतं. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, आजी रागावली की आजोबांना एक शब्द म्हणायची, आम्हाला ती शिवी वाटायची. मोलिनेर.

म्हातारी उठली, हात धरून त्याला बाहेर घेऊन गेली आणि ओढ्याकाठचं एक छप्पर गेलेलं घर दाखवलं. मोलिनेर म्हणजे गिरणीवाले. जात्याची तळी अजून गवतात पडलीय.

आबा_राजापूर

डोळ्यात पाणी आणलंस गो. म्हातारीने चहा तरी दिलान की नाही?

कंदील

चहा नाही आबा. ग्राप्पा, इथली कडक दारू. सकाळी साडेदहाला. परत येताना गाडी मीच चालवली.